चैत्राची रजा

एप्रिलच्या मध्यावर वाशीच्या बाजार समितीत हापूसची आवक चढलेली असते. गाड्या रात्रीतून लागतात, पेट्या पहाटे उतरवायच्या असतात, आणि नेमकी याच दिवसांत उचलणारी माणसे कमी पडू लागतात. टोळी पुरी भरत नाही. व्यापारी कुरकुरतो, मुकादम हात वर करतो. कारण दोघांनाही ठाऊक असते: गावाकडे जत्रा आहे. पाटण, जावळी, कोरेगाव, शिराळा, जुन्नर, आंबेगाव या तालुक्यांतल्या गावागावांत चैत्र-वैशाखात पालखी निघते, छबिना निघतो, फड रंगतो, कुस्त्या होतात. तिथे ‘मुंबईकर’ म्हणून ओळखला जाणारा आणि इथे माथाडी म्हणून नोंदलेला माणूस तेव्हा गावात असावाच लागतो.

जत्रांचा हंगाम ऐन भरात असतानाच १ मे येतो. बेलापूरला महापालिकेच्या मुख्यालयात ध्वजवंदन होते, चौकाचौकांत महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छांचे फलक लागतात, आणि त्यांतल्या काहींच्या खालच्या ओळीत कामगार दिनाचीही आठवण असते. कोपरखैरणेच्या बैठ्या घरांतला किंवा घणसोलीच्या सिम्प्लेक्स वसाहतीतला माथाडी कामगार ही ओळ वाचायला बऱ्याचदा शहरात नसतोच. त्याची सुट्टी वेगळी असते आणि ती त्याने वेगळ्या ठिकाणी घेतलेली असते.

एकीकडे सरकारने दिलेला कामगार दिन, दुसरीकडे कामगाराने स्वतः घेतलेली वसंतातली रजा. या दोहोंचा एकत्र अभ्यास म्हणजे हा विषय. मराठीत कामगार चळवळीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, सणांवर आणि लोकदैवतांवर तर त्याहूनही जास्त. पण ही दोन कपाटे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेली आहेत. पहिल्याच्या अभ्यासकाला जत्रा मागासलेपणाची खूण वाटते, दुसऱ्याच्या अभ्यासकाला पालखीखाली खांदा देणारा माणूस वर्षभर कुठे राबतो याची चौकशी करावीशी वाटत नाही. नव्याने येणाऱ्या वाचकाला माझे सांगणे एवढेच आहे, की हजेरीपट आणि पंचांग शेजारी शेजारी ठेवून वाचावे. श्रमाचा इतिहास कामाच्या तासांतून जितका कळतो, तितकाच खाड्यांतूनही कळतो.

मे दिनाची गोष्ट शिकागोपासून सांगायची आपली रीत आहे. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत संप झाला, ४ मेला शिकागोच्या हेमार्केट चौकात बाँब फुटला, नंतर काहींना फाशी झाली. १८८९ साली पॅरिसला भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने ठराव केला आणि १ मे १८९० रोजी पहिला मे दिन पाळला गेला. हे सगळे खरेच आहे. पण १ मे हीच तारीख का, या प्रश्नाचे उत्तर बाँबच्याही मागे जाते. अमेरिकेच्या काही भागांत घरभाड्याचे करार त्या दिवशी संपत आणि नवे सुरू होत. न्यूयॉर्कमध्ये तो घरे बदलण्याचाच दिवस होता. अनेक धंद्यांत कामाचे करारही त्याच सुमारास ठरत. युरोपात तर हा दिवस शतकानुशतके वसंताचा होता. गावात खांब उभारायचा, त्याला फुलापानांनी सजवायचे, भोवती नाचायचे. इंग्लंडच्या प्युरिटन पार्लमेंटने १६४४ साली असे खांब उभारायला बंदी घातली, यावरूनच त्या नाचाचा उपद्रव कोणाला वाटत होता ते दिसते. एरिक हॉब्सबॉमने या सुट्टीच्या जन्मावर एक सुंदर निबंध लिहिला आहे. पुढाऱ्यांनी मागितले होते निदर्शन. कामगारांनी बायकामुलांसह, नवे कपडे घालून, फुले लावून त्याचा सण केला, हे त्यात त्याने दाखवले आहे. सण पुढाऱ्यांच्या ठरावात नव्हता, तो खालून आला. बंडखोरीपेक्षा मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते.

करार संपण्याचा दिवस आणि वसंताचा सण एकत्र यावेत, हे आपल्याकडेही घडलेले आहे. त्यासाठी खानदेशात जावे लागते. तिथे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि सालदाराचे साल आखाजी ते आखाजी धरले जाते. राज्याच्या इतर बऱ्याच भागांत सालगड्याचे साल पाडव्याला बसते. उचल किती, फेडली किती, धान्य किती, धोतरजोडी-चपला मिळाल्या की नाही, याचा हिशेब या दिवशी होतो आणि नवे साल ठरते. जुना हिशेब मिटला आणि नवा अजून ठरला नाही, एवढ्या अवधीपुरता गडी कोणाचाच नसतो. वर्षात ही एकच फट. खानदेशात आखाजीला पत्त्यांचे डाव बसतात, त्याबद्दल दरवर्षी नाके मुरडली जातात. पण त्या डावात बसलेल्यांपैकी काहींच्या हातात वर्षात पहिल्यांदाच स्वतःचा वेळ आलेला असतो, हे नाके मुरडणाऱ्यांनी लक्षात घेतलेले मी फारसे वाचलेले नाही. आणि बायकांचे म्हणाल, तर आखाजी ही माहेरवाशिणीची रजा. सासरच्या चुलीपासून, गोठ्यापासून, शेतापासून मिळालेले चार दिवस, झोके आणि गाणी. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर कविता केली, ती या चार दिवसांची किंमत ठाऊक असलेल्या बाईने केलेली आहे.

अक्षय्य तृतीया इंग्रजी तारखांच्या हिशेबात पुढेमागे होते, पण फार लांब जात नाही. २०२२ साली ती ३ मेला होती, २०२५ साली ३० एप्रिलला. २०२६ च्या पंचांगात तर बुद्धपौर्णिमाच १ मे रोजी आहे. ध्वजवंदन, मे दिन आणि पंचशील एकाच सकाळी, असे वर्ष अभ्यासकाने चुकवू नये.

आपल्या परंपरेत श्रमाला मान आहे, असे कोणी म्हटले की मी थोडा सावध होतो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. गिरण्यांत साच्यांना झेंडूच्या माळा चढत, आजही ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत लेथला हळदकुंकू लागते. पोळ्याला बैलाचे खांदे तुपाने मळतात, त्याला पुरणपोळी देतात, त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. अवजाराला दिवस आहे, जनावराला दिवस आहे. ज्याच्या हातात अवजार आहे आणि जो बैलामागे चालतो, त्याचा म्हणून वेगळा सण पंचांगात सापडत नाही. त्याला जी फट मिळाली ती हिशेबाच्या दिवशी, किंवा देवाच्या नावाने.

देवाच्या नावाने सुट्टी मागण्याचे सगळ्यात मोठे उदाहरण मुंबईच्याच गिरण्यांतले आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार सह्यांच्या निवेदनात आठवड्याची सुट्टी ही ठळक मागणी होती. रविवार खंडोबाचा वार आहे, म्हणून त्या दिवशी काम बंद हवे, असा युक्तिवाद त्यांनी केल्याचे सांगितले जाते. लोखंडे सत्यशोधक होते, भाबडे नव्हते. मालकाच्या घड्याळाला उत्तर द्यायला कामगाराच्या हाताशी कोणते वेळापत्रक आहे, ते त्यांना कळत होते. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन स्त्री कामगारही बोलल्या, आणि १० जूनला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. युरोपातला पहिला मे दिन या दोन तारखांच्या दरम्यान येतो. आपल्या कामगार चळवळीचा वसंत परक्यांकडून उसना आला, असे म्हणणाऱ्यांनी ही तीन पाने एकत्र उघडून पाहावीत. मनोहर कदम यांनी लिहिलेले लोखंडे यांचे चरित्र त्यासाठी पहिले वाचावे. भारतात मे दिन पाळला गेला तो पुढे १९२३ साली, मद्रासला, सिंगारवेलू यांच्या पुढाकाराने.

रविवार मिळाला तरी जत्रा एका रविवारात बसत नाही. गिरणी कामगार दरसाल गावी जायचा, आणि मार्च ते जून या महिन्यांत गिरण्यांतली गैरहजेरी वाढायची. लग्नसराई, जत्रा, पावसाआधीची शेताची कामे, सगळे एकदम. मालकांना ही बेशिस्त वाटे. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या, कामगारांच्या स्थितीवरील रॉयल कमिशनने मात्र उलटे म्हटले: गावाशी असलेले नाते ही कामगाराची जमेची बाजू आहे, ते तोडू नका, नियमित करा. राजनारायण चंदावरकर यांनी पुढे दाखवून दिले, की लांबलेल्या संपात गाव हाच कामगाराचा आधार होता. पगार बंद झाला की माणूस गावी जाऊन तग धरत असे. जत्रेला नेमाने जाणे, वर्गणी भरणे, पालखीला खांदा देणे ही त्या आधाराची दरसाल केलेली डागडुजी होती. भावनेचा भाग त्यात आहेच, पण नुसती भावना म्हणून त्याकडे पाहिले, तर संप इतके दिवस कसे टिकले हे कळत नाही.

रजा मिळणे वेगळे आणि रजेचा पगार मिळणे वेगळे. १९४५ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, कारखाने कायद्यात पगारी रजेची तरतूद झाली. कारखान्यातल्या माणसाचे यातून भागले. हमालाचे काय? त्याला मालकच नव्हता. सकाळी एका गाळ्यावर गोणी, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्याच दारात ट्रक. रजा मागायची कोणाकडे? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याचे खरे कर्तृत्व इथे आहे. व्यापाऱ्याने मजुरी थेट हातावर न ठेवता माथाडी मंडळाकडे भरायची, तिच्यावर लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, सुट्टीचा पगार, औषधपाणी. अनेक मालकांचा म्हणून कोणाचाच नसलेल्या कामगाराला कायद्याने एक जबाबदार दार मिळवून दिले. असंघटित श्रमावर जगभर जी चर्चा चालते, तीत या कायद्याचा उल्लेख आदराने होतो; आपल्याकडे तो बहुतेकदा वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, भांडणापुरता आठवतो.

नवी मुंबईत हा विषय दाट होतो, तो या कायद्यामुळे आणि बाजारामुळे. नवी मुंबई वसवणारी सिडको १७ मार्च १९७० रोजी स्थापन झाली. १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळे हे घाऊक बाजार मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट सोडून खाडीपलीकडे आले. मशीद बंदरच्या गाळ्यांत गावकीच्या मंडळींबरोबर पथाऱ्या टाकून राहणारा, खाणावळीत जेवणारा माथाडी इथे सिडकोच्या छोट्या घरात कुटुंबासह राहू लागला. बायको इथे, मुलांची शाळा इथे. मग गावी जायचे कशाला? सगळे अंदाज सांगत होते, की जत्रेचे जाणे कमी होईल. तसे झाले नाही, वर्गणी वाढली. देवळाला नवा कळस, मंडपाला मुंबईकरांच्या नावाची फरशी, तमाशाची सुपारी. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथे बोली करायला येतात. त्या सुपारीतला काही पैसा तुर्भ्याच्या गोण्यांखालून आलेला असतो. लोककलेच्या अर्थकारणावर लिहिणाऱ्यांनी माथाडीच्या पाठीपर्यंत हा धागा अजून नेलेला नाही. कोणी तरुण अभ्यासकाने हे काम हाती घ्यावे.

माथाडींचा स्वतःचा दिवस विचाराल, तर तो १ मे नाहीच. २५ सप्टेंबर, अण्णासाहेबांची जयंती. त्या दिवशी मोठा मेळावा भरतो. पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचा हा माणूस २३ मार्च १९८२ रोजी मराठा आरक्षणाच्या मागणीपायी आत्महत्या करून गेला. गिरण्यांचा मोठा संप त्याच वर्षी १८ जानेवारीला सुरू झाला होता. मुंबईच्या श्रमिकांच्या दोन कहाण्यांनी एकाच वसंतात वळण घेतले. एक गिरणगावाकडून ओसरत गेली, दुसरी वाशी-तुर्भ्याकडे सरकली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाच्या माणसांचे आवाज २००४ च्या पुस्तकात नोंदवून ठेवले. वाशीच्या बाजारासाठी तसे पुस्तक हवे आहे.

मग १ मे एवढा फिका का? एक कारण असे, की त्या तारखेवर १९६० साली राज्यच येऊन बसले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात कामगार पुढे होते, अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक पुढे होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ या अण्णा भाऊंच्या छक्कडीत गावी राहिलेली बायको आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग एकमेकांत मिसळतात. स्थलांतरित कामगाराचा विरह राज्याच्या मागणीची भाषा होऊ शकतो, हे तिथे दिसते. पण राज्य मिळाल्यावर सकाळचा कार्यक्रम परेडचा झाला. फोर्टात हुतात्मा चौकात उभे राहिले की हा सगळा इतिहास एका नजरेत मावतो. स्मारकावर शेतकरी आणि कामगार हातात मशाल धरून उभे आहेत, आणि शेजारच्या एकोणिसाव्या शतकातल्या कारंज्याच्या माथ्यावर फ्लोरा, रोमनांची फुलांची देवी, जिचा उत्सव एप्रिल संपता संपता सुरू होऊन मेच्या पहिल्या दिवसांपर्यंत चाले. कोणी जाणूनबुजून जुळवलेले नाही. तरी मे दिनाचा हिरवा पूर्वज आणि लाल वारस इतके जवळजवळ उभे असलेले दुसरे ठिकाण मला माहीत नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर १ मेचे स्थान पक्के आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. त्या चार कोणत्या ठरतात, कोणाच्या सणाला जागा मिळते, कोणाचा सण ‘स्वतःच्या रजेतून घ्या’ म्हणून उडवला जातो, हा शोध ज्याला कचेरीत बसून काम करायचे आहे त्याच्यासाठी उत्तम. ऐरोलीच्या माहिती-तंत्रज्ञान संकुलांत अमेरिकी ग्राहकाच्या घड्याळावर चालणाऱ्या पाळ्या आहेत. ज्या देशात मे दिन जन्मला तिथे कामगारांची सुट्टी १८९४ पासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असते, त्यामुळे १ मेला पलीकडचा फोन वाजतच राहतो.

जत्रेचे एवढे कौतुक केल्यावर तिची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. गावची जत्रा निरागस नाही. पालखीचा पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणाचा, कोणाच्या वस्तीत पालखी जाते आणि कोणाच्या वस्तीच्या तोंडाशी वळते, यात जात उभी असते. अनेक दलित कामगारांनी गावच्या जत्रेकडे पाठ फिरवून १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा हा आपला वसंत केला, त्याला हे कारण आहे. बाबासाहेबांची जयंती कामगार वस्त्यांत ज्या तयारीने होते, ती पाहता शहरातला खरा मे दिन पंधरा दिवस आधीच होऊन जातो असे म्हणावेसे वाटते. बायकांसाठी तर जत्रा म्हणजे बऱ्याचदा कामाची जागा तेवढी बदलणे. बाजारात कांदा-लसूण निवडणारी बाई गावी पोचते ती पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायला. पुरुषाचा खाडा ही त्याची रजा. तिचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी, वर भाकऱ्या. १ मेच्या मागे जे सार्वत्रिक तत्त्व आहे, की काम करणाऱ्या प्रत्येकाला, जात-गाव न विचारता, मोकळा वेळ हवा, ते जत्रेत मिळत नाही. जत्रेत जी ओढ आहे ती १ मेच्या फलकात मिळत नाही. यात कोणा एकाच्या बाजूने निकाल देण्याची घाई नवख्या अभ्यासकाने करू नये.

आणि इथले मूळ गावकरी? ज्यांच्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले त्या आगरी-कोळ्यांचे वेळापत्रक आणखी निराळे होते. मिठागराचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चाले. म्हणजे चैत्र-वैशाख हे ऐन कामाचे, उन्हात मीठ ओढण्याचे दिवस. त्यातच चैत्र शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमारास कार्ल्याच्या एकवीरेची यात्रा. आईची पालखी म्हटले की काम थांबे. जमिनी गेल्या, बरीचशी मिठागरे गेली, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जमिनींच्या मोबदल्यासाठी लढा झाला, गोळीबारात पाच जण गेले, साडेबारा टक्के भूखंड मिळाले. चैत्रात कार्ल्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग मात्र वाढतच गेली. काम उरले नाही तरी कामातून घेतलेली सुट्टी उरते. हे कसे होते, याचे समाधानकारक उत्तर मी अजून कुठे वाचलेले नाही.

सुरुवात कुठून करावी, असे विद्यार्थी विचारतात. पदवी लागत नाही, पण कागदांची आवड लागते. गावच्या मुंबई मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तके मागा; लोक ती जपून ठेवतात आणि आपल्या आजोबांचे नाव दाखवायला आनंदाने उघडतात. जत्रेच्या पत्रिका गोळा करा. त्यांत देणगीदारांच्या नावापुढे ‘वाशी मार्केट’, ‘तुर्भे’, ‘कोपरखैरणे’ असे लिहिलेले सापडेल, आणि कोणाचे नाव कोणत्या वर्षी वर सरकले तेही. टोळीत कमाई वाटून घेतात, तेव्हा गावी गेलेल्याच्या वाट्याचे काय करतात, बदली कोण देतो, हे मुकादमाला विचारा. पण दुपारी, गाड्या उतरल्यावर. ऐरोलीच्या आंबेडकर स्मारकात ग्रंथालय आहे, तिथे बसून वाचा.

त्यानंतर एकदा सकाळी सात-साडेसातला, १ मे असो वा नसो, शहरातल्या कुठल्याही मजूर नाक्यावर जाऊन उभे राहा. थापी, घमेले, रंगाचे ब्रश घेऊन थांबलेल्या माणसांना लेव्ही नाही, मंडळ नाही, टोळी नाही. ध्वजवंदनाच्या दिवशी बांधकामे बंद असली की त्यांचा तो दिवस बुडाला. गावच्या जत्रेला जायचे तर येण्याजाण्याचे भाडे अधिक तितक्या दिवसांची मजुरी, असा हिशेब करूनच जायचे. त्यांच्या सुट्टीबद्दल लिहिलेले अजून जवळपास काही नाही, आणि या विषयात पुढचे काम त्यांच्याकडे जाऊनच करावे लागणार आहे.